ब्रेकचा आकडा

संपादकांचा फोन आला, "यंदा दिवाळी अंकासाठी तुमच्या कामाबद्दल लिहा. वाचकांना काहीतरी नवीन मिळेल." वाचकांचं मला माहीत नाही. मला स्वतःला या कामात नवीन वाटावं असं आता फार थोडं उरलंय. मी घरात बसून विमानं करते. लढाऊ विमानं. ती खरी नसतात आणि हातात धरता येतील अशीही नसतात. जगभर असे हौशी लोक आहेत, जे घरातल्या कॉम्प्युटरसमोर खुर्ची मांडून, हातात दांडा धरून विमान उडवायचा खेळ खेळतात. खेळ म्हटलेलं त्यांना चालत नाही, सिम्युलेटर म्हणायचं. त्या सिम्युलेटरच्या पडद्यावर जे विमान दिसतं, ते कुणीतरी मान मोडून बनवलेलं असतं. माझ्या मानेला पट्टा लागला तो त्यामुळेच.

हे लोकांना समजावून सांगण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. लातुरात आमच्या गल्लीत अजून समज आहे की मी विमानाची तिकिटं काढून देते. शेजारच्या वहिनींना लेकीच्या बाळंतपणासाठी बंगळूरला जायचं होतं, तर त्या घरातल्या सगळ्यांची आधार कार्डं घेऊन आल्या. म्हटलं, वहिनी, मी तिकिटं काढत नाही, मी विमान काढते. त्या म्हणाल्या, "मंग त्येच्यातच दोन जागा धरा की."

पण मला सगळ्यात जास्त बेजार केलंय ते एका शब्दानं. हुबेहूब. गिऱ्हाईक कुठलंही असो, नांदेडचं की सातासमुद्रापलीकडचं, त्याला विमान हुबेहूब पाहिजे. हुबेहूब म्हणजे काय, हे विचारलं तर एकालाही धड सांगता येत नाही. या शब्दापायी एक म्हातारा माणूस माझ्या दारात आला. अनेक वर्षांपूर्वी एक विमान धावपट्टीवर थांबू शकलं असतं की नसतं, हा सवाल तो छातीवर घेऊन जगत होता. त्याचं उत्तर माझ्या फाइलमधल्या एका आकड्यात आहे, असं त्यानं धरून ठेवलं होतं. मला खरं तर त्याच माणसाबद्दल लिहायचंय. आधी काम काय ते सांगते, नाहीतर तुम्हीही आधार कार्ड घेऊन याल.

मी मूळची ड्राफ्ट्समन. बाई असले तरी हुद्द्याचं नाव तेच. नांदेडला एका सरकारी कचेरीत कालव्यांचे नकाशे ट्रेस करत होते. लग्न होऊन लातूरला आले, कॉम्प्युटर शिकले आणि बिल्डर लोकांना इमारतींची चित्रं करून द्यायला लागले. जमिनीत पाया खणायच्या आधीच इमारत कशी दिसेल, ते दाखवणारी चित्रं. एका बिल्डरनं सांगितलं, "मॅडम, वरून एक विमान जाऊ द्या. विमानतळ जवळ असल्यावानी वाटलं पायजे." मी विमान काढलं. इमारतीपेक्षा विमानालाच जास्त दिवस घेतले. त्या इमारतीचं पुढे काही झालं नाही, मी मात्र विमानांना लागले ती लागलेच.

विमान करायचं म्हणजे आकाशकंदील करतात तसंच. आधी कामट्यांचा सांगाडा, मग वरून कागद. आमच्या कामट्या म्हणजे पडद्यावरच्या रेघा. बारीक बारीक चौकोनांची जाळी विणत नाक, पोट, पंख, शेपटी असा आकार उभा करायचा. मग त्यावर कातडं चढवायचं. त्यासाठी विमानाचा अख्खा पत्रा, कंदील उकलून जमिनीवर पसरावा तसा, सपाट उलगडायचा. त्यावर रंग भरायचा, तेलाचे ओघळ काढायचे, उडालेला रंग दाखवायचा, 'यहाँ पैर न रखें' अशा बारीक सूचना लिहायच्या आणि ते सगळं परत जाळीवर चढवायचं. जोड जरा चुकला तर पंखावरचं तिरंगी चक्र पोटावर येतं. माझं आलेलं आहे.

हे झालं दिसणं. उडणं वेगळं. त्यासाठी एक साधी फाइल असते आणि तिच्यात नुसते आकडे असतात. वजन किती, पंख केवढे, इंजिनाला जोर किती, चाकांचे ब्रेक किती धरतात. काही आकडे छापील मिळतात. बाकीचे कुणी सांगत नाही, आणि लढाऊ विमानाचे तर मुळीच नाही. मग आम्ही अंदाजाने टाकतो, उडवून बघतो, एखाद्या जाणकाराला विचारतो आणि कमीजास्त करतो. खिचडीत मीठ टाकतात तसं. ब्रेकचा आकडा या मिठातलाच.

आता गिऱ्हाइकं. लातूर म्हणजे क्लासेसचं गाव. एका क्लासवाल्या सरांना जाहिरातीसाठी लढाऊ विमान पाहिजे होतं, आणि त्यात त्यांचे पाच गुणवंत विद्यार्थी बसलेले दाखवायचे होते. मी म्हटलं, सर, यात एकच माणूस बसतो. ते म्हणाले, "एकाला बसवलं तर बाकीच्या चौघांचे आईबाप माझ्या दारात येतेत. लांब करा की विमान." मी लांब केलं. शेवटी त्या बिचाऱ्या लढाऊ विमानाला एसटीसारख्या खिडक्या पाडल्या आणि प्रत्येक खिडकीत एक गुणवंत बसवला. सर खूश झाले. म्हणाले, अगदी हुबेहूब.

दुसऱ्या टोकाला परदेशातले एक गृहस्थ. त्यांनी माझं विमान विकत घेतलं आणि लांबलचक पत्र लिहिलं, की डाव्या पंखाच्या खालच्या अंगाला एक स्क्रू कमी आहे. पंखाच्या खाली! उडताना जिथे कुत्रंसुद्धा बघत नाही तिथे! मी खऱ्या विमानाचे फोटो शोधून पाहिले. स्क्रू खरंच कमी होता. तो बसवला, आणि मनातल्या मनात त्या गृहस्थांच्या टाळक्यात बसवला. तरी खरं सांगते, त्या पत्राचा रागही आला आणि बरंही वाटलं. आमच्या घरातल्या माणसांनी माझं एकही विमान कधी खालून पाहिलेलं नाही.

अशा सगळ्यांना तोंड देऊन मी बऱ्यापैकी निर्ढावले होते, तेव्हा व्यंकटराव आले.

नांदेडहून एसटीनं आले, हातात धर्माबादच्या लाल मिरच्यांची पिशवी. पिशवी टेबलावर ठेवल्याबरोबर मी आणि माझे यजमान शिंकायला लागलो. शिंका थांबेपर्यंत ते हात बांधून उभेच. नायगावकडच्या खेड्यातले, उमेदीची सगळी वर्षं हवाई दलात जमिनीवरची नोकरी केलेले, निवृत्त होऊन नांदेडला घर बांधून राहिलेले. अंगानं काटक, शर्ट पॅन्टमध्ये खोचलेला, बोलणं मात्र गावाकडचंच राहिलेलं.

"ताई, आमचं विमान करून द्या. पर हुबेहूब पायजे."

झालं, म्हटलं, आला तो शब्द. "कुठलं विमान, काका?"

त्यांनी नाव सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही, कारण नाव घेतलं की लोक सांगणं सोडून विमानावरच वाद घालायला लागतात. एका इंजिनाचं, एका माणसाचं, आपल्याकडे फार वर्षं उडालेलं जुनं लढाऊ विमान, एवढं पुरे.

"हे तर तयार मिळतं की बाजारात."

"घेतलं ना. पुण्याच्या पोरानं कॉम्प्युटर, दांडा, समदं घेऊन देलं. म्हणला, बाबा, टाइमपास करा. मी रोज उडवून राहिलो, अन् रोज त्येची शेपटी बघून डोकं फिरून राहिलं. शेपटी चुकलीया ताई. छत्रीचा डबा असा नसतोच."

हे विमान उतरतं तेव्हा त्याला इतका वेग असतो की नुसत्या चाकांच्या ब्रेकवर आवरणं जड जातं. म्हणून शेपटीच्या बुडाशी एका डब्यात कापडी छत्री घडी करून ठेवलेली असते. चाकं टेकली की वैमानिक बटण दाबतो, डबा उघडतो, छत्री मागे फुगते आणि विमानाला मागे ओढून धरते. हवाई दलातली माणसं तिला टेल शूट म्हणतात. विमान थांबलं की ती छत्री गोळा करायची, वाळवायची, तपासायची आणि नीट घडी घालून पुन्हा डब्यात बसवायची. व्यंकटरावांचं हेच काम होतं.

मी काम घेतलं, आणि त्या दिवसापासून माझे हाल सुरू झाले. मला वाटलं होतं, एवढी वर्षं विमानात वावरलेला माणूस, नाकापासून शेपटीपर्यंत सगळं सांगेल. कसलं काय! नाक दाखवलं तर म्हणाले, "नाक कसंबी असू द्या." पंख दाखवले तर म्हणाले, "बरे हायेत." पण तो छत्रीचा डबा मी किती वेळा मोडून केला, त्याला गणती नाही. झाकण जरा जाड झालंय. बिजागरी इकडं न्हाई, तिकडं. छत्री फुगल्यावर दोऱ्या अशा ताणत नसतेत. आणि कॉकपिट! आत बसल्यावर समोर जी घड्याळं, बटणं, खटके दिसतात, ते मी महिनोन्महिने डोळे फोडून केले होते. एकेक काटा हलता केला, काचेवर ओरखडे काढले. या माणसानं आत एकदासुद्धा डोकावून पाहिलं नाही. ते विमान उडवायचे तेही बाहेरून बघत. आपण धावपट्टीच्या कडेला उभे आहोत आणि विमान समोरून येतंय, असा पडदा लावून. तसं उतरवणं महाकठीण. मी सांगून थकले, काका, आत बसा हो. ते म्हणायचे, "आत बसायचं आमचं काम न्हवतं ताई."

विमान एकदाचं झालं. ते त्यांच्या कॉम्प्युटरवर बसवून द्यायला मी नांदेडला गेले. एका खोलीत त्यांनी सुताराकडून प्लायवूडची पेटी करून घेतली होती, तिच्यात न्हाव्याच्या दुकानातली जुनी खुर्ची आणि दोन्ही बाजूंना दांडे. मी सगळं जोडून सुरू केलं, तर व्यंकटराव हातपाय धुऊन, टोपी घालून, ताट घेऊन आले. नवीन वाहन आहे, पूजा नको? पडद्याच्या बरोबर मधोमध कुंकवाचा टिळा लावला. दांड्याला झेंडूची माळ. इथपर्यंत मी गप्प होते. मग त्यांनी नारळ घेतला, आणि मी "काका, काका" करते आहे तोवर इंजिनाचा जोर कमीजास्त करायच्या दांड्याची जी लोखंडी पेटी असते, तिच्या कडेवर दण्णकन फोडला. सगळं पाणी आत. पडद्यावरचं विमान जागच्या जागी पूर्ण जोरात गर्जायला लागलं आणि मग सगळंच बंद पडलं.

"देवाला पोचलं," त्यांच्या पत्नी अनुसयाबाई दारातून म्हणाल्या. त्या खोलीत काही आल्या नाहीत. मी ती पेटी खोलून उन्हात वाळवत बसले, तेव्हा त्यांनी मला चहा आणून दिला आणि पडद्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. मला वाटलं, नवऱ्याच्या नादाला वैतागलेली असेल बाई. मीही वैतागलेलेच होते, म्हणून मला त्या फार जवळच्या वाटल्या.

त्यानंतर ब्रेकचे फोन सुरू झाले.

"ताई, ब्रेक लई धरून राहिलेत. असं थांबत नसतंय ते." मी आकडा कमी केला आणि फाइल पाठवली.

"ताई, आता धरंचनात. पाऊस लावून बगा, पट्टी सोडून चाललंय." या खेळात पाऊस, ऊन हवं तसं लावता येतं. मी आकडा वाढवला.

"ताई, पुन्हा जास्ती झालेत." पुन्हा कमी. "ताई, लईच कमी केले तुमी." पुन्हा जास्त. असं किती दिवस चाललं, विचारू नका. पोळी तव्यावर असायची आणि फोन वाजायचा. माझे यजमान फोनवरचं नाव बघून म्हणायचे, "घे, तुझे ब्रेक आले." एक दिवस माझा पारा चढला. म्हटलं, "काका, हे ब्रेक आहेत का घरातला पंखा? सारखं कमी कर, जास्त कर! एकदा काय ते ठरवा आणि माझा पिच्छा सोडा."

मग ते म्हणाले, "मी कसं ठरवू ताई? खरं काय हाय ते तुमाला ठाव." मी फोन ठेवून दिला.

मग त्यांचा फोन येणं बंद झालं. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. आणि मग फोन आला तो अनुसयाबाईंचा.

"ताई, तुमी येऊन ते विमान काढून न्या. हे जेवायला उठंनात. त्या खुर्चीतून हलंनात."

"बटण बंद करून टाका की हो."

"माझा हात लागत न्हाई त्याला. तुमीच या."

मी एसटीत बसले. माझं काय चुकलं, की मी या दोघा म्हाताऱ्यांच्या संसारात पडावं? विमान करून देणं माझं काम, गिऱ्हाइकाला जेवायला उठवणं नाही. अहमदपूर येईपर्यंत मी व्यंकटरावांशी करायचं अख्खं भांडण मनात तयार केलं होतं, शेवटच्या वाक्यासकट.

घरी पोचले तर अनुसयाबाई धपाटे लावत होत्या. त्यांनी मला स्वयंपाकघरातच बसवलं. आतल्या खोलीतून इंजिनाचा आवाज येत होता, माझ्याच विमानाचा.

"ह्यांनी तुमाला सांगितलं न्हाई ना?" त्या म्हणाल्या.

"काय?"

"मला वाटलंच." त्यांनी तव्यावरचा धपाटा उलटला. "आमी तवा तिकडं उत्तरंला होतो, क्वार्टरात. पावसाचे दिवस. एक लेकरू विमान घेऊन उतरून राहिलं होतं. अफसर होतं, पर लेकरूच की ते. नवं नवं आलेलं. येताजाता मला नमस्ते भाभीजी म्हणायचं. चाकं टेकली, छत्री बाहेर आली, पर फुगलीच न्हाई. फडक्यावानी मागं लोळत गेली म्हणतेत. विमान पट्टी सोडून खाली गेलं अन् पेटलं. लेकरू गेलं." धपाटा तव्यावरून उतरवत म्हणाल्या, "त्या छत्रीची घडी ह्यांनी घातलेली."

त्यांनी दुसरा धपाटा थापायला घेतला.

"चौकशी झाली. लिवलं की वेग लई होता, पट्टी वली होती. ह्यांचं नावबी कुणी घेतलं न्हाई. हे म्हणतेत, कुणी शिव्या देल्या असत्या तरी बरं झालं असतं. आता रोज तेच लेकरू उतरवून राहिलेत. पाऊस लावतेत, छत्री उघडत न्हाईत, अन् थांबतंय का बगतेत. थांबलं तर म्हणतेत, छत्री नसती तरी थांबलं असतं, माझ्या घडीनं काय झालं न्हाई. त्या दिवशी पोटभर जेवतेत. दुसऱ्या दिवशी म्हणतेत, थांबत होतं तर मंग लेकरू गेलं कसं? ताईनंच ब्रेक जास्ती लावलेत. मंग तुमाला फोन. तुमी कमी केले की थांबत न्हाई. मंग ताट पुढं सारतेत. तुमी चिडलात तवापासून तुमी धाडलेले आकडे आलटून पालटून घालून बगून राहिलेत, अन् जेवायचंच सोडलंय."

मला एवढा संताप आला की सांगता येत नाही. त्यांचा आला, की हे आधी सांगायला काय झालं होतं. माझा आला, की पोळी करता करता, कधी चिडून, कधी झोपेच्या डोळ्यांनी मी तो आकडा वरखाली केला होता, आणि इकडे त्याच्यावर एक माणूस जेवत होता किंवा उपाशी राहत होता. आणि त्या शब्दाचा तर असा राग आला, की पुन्हा कुणी तोंडातून काढला तर त्याला घराबाहेर काढीन, असं मी तिथेच ठरवलं.

खोलीत गेले. व्यंकटराव मान पुढे काढून बसले होते. पडद्यावर पाऊस. विमान समोरून आलं, टेकलं, पाणी उडवत धावलं, आणि पट्टी संपायच्या जरा आधी थांबलं. छत्रीचं बटण त्यांनी दाबलंच नाही.

"आज थांबून राहिलंय," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "मागं थांबत न्हवतं. ताई, आता मला एकच सांगा. खरा आकडा हा, का मागचा?"

अहमदपूरपर्यंत तयार केलेलं भांडण कुठे गेलं कोण जाणे. मी शेजारच्या स्टुलावर बसले.

"काका, खरा आकडा माझ्याकडं नाही. तुम्ही म्हणालात कमी करा, मी कमी केला. जास्त म्हणालात, जास्त केला. सुरुवातीचा होता तोसुद्धा मी अंदाजानंच टाकलेला. त्या दिवशी त्या पट्टीवर काय झालं, ते या कॉम्प्युटरला ठाऊक नाही. मी लिहिते तसं हे विमान थांबतं, नाहीतर जातं."

"म्हंजे तुमच्याकडं कागद न्हाई? कंपनीचा, हवाई दलाचा?"

"नाही."

"मंग इतके दिवस मी कुणाशी झगडून राहिलो?"

"माझ्याशी, काका."

ते पुन्हा पडद्याकडे वळले. पाऊस पडतच होता, कारण तो बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं. मला वाटलं, आता हा माणूस रडेल किंवा मला हाकलून देईल. त्यांनी दोन्ही केलं नाही. ते माझ्याकडे वळले.

"तुमी लिवलं तर थांबंल?"

"थांबेल."

"वल्या पट्टीवर?"

"हो."

"छत्री न्हाई फुगली तरी?"

"नाही फुगली तरी."

"मंग लिवा."

या धंद्यात मी एक गोष्ट सांभाळली होती. गिऱ्हाईक कितीही बोंबललं तरी विमानाला मी खोटं उडू देत नव्हते. जाहिरातीला खिडक्या पाडीन, पण आकड्यांच्या फाइलमध्ये लबाडी नाही. माझी तीच एक ऐट होती. त्या दिवशी मी फाइल उघडली आणि ब्रेकसमोर असा आकडा लिहिला, की कुठलाही जाणकार तो बघून हसला असता. बैलगाडीसुद्धा तेवढ्या लवकर थांबत नाही. तो लिहिताना माझा हात जरासुद्धा अडखळला नाही, हे मला आज आठवलं तरी नवल वाटतं.

व्यंकटरावांनी विमान पुन्हा वर नेलं, फिरवलं आणि उतरवलं. पावसात, ओल्या पट्टीवर, छत्रीशिवाय. विमान टेकलं आणि पट्टीच्या मध्यावरच गप्प उभं राहिलं. पुढे सगळी पट्टी मोकळी. अनुसयाबाई दारात येऊन उभ्या होत्या, या वेळी पडद्याकडे तोंड करून.

रोज इथे पोचलं की ते लगेच पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. या वेळीही त्यांचा हात त्या बटणाकडे गेला. मला राहवलं नाही. "अहो काका, इंजिन तर बंद करा! विमान आलंय."

त्यांनी इंजिन बंद केलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच. आवाज बसत बसत थांबला आणि वरची काच उघडली.

आता यात आमच्या कामाची एक पळवाट आहे. बाहेरून बघताना विमानात वैमानिकाची बाहुली बसलेली दिसते. हेल्मेट घातलेली, मान हलवणारी. तिला उठवून खाली उतरवणं हे फार किचकट काम, ते कुणी करत नाही. म्हणून इंजिन बंद होऊन काच उघडली की ती बाहुली सरळ नाहीशी होते. आत्ता दिसत होती, आत्ता नाही. मीही तसंच केलं होतं.

व्यंकटराव खुर्चीतून अर्धवट उठले. "लेकरू कुठं गेलं?"

मी हे सगळं त्यांना समजावून सांगू शकले असते.

"उतरलं, काका."

ते पडद्याजवळ गेले. चष्मा कपाळावर सरकवून विमानाची डावी बाजू खालून वरपर्यंत नीट पाहिली. जमिनीवर पाहिलं, पुन्हा वर पाहिलं. मग माझ्याकडे वळले ते चक्क चिडून.

"अवो ताई, शिडी कुठंय? एवढ्या उंचावरून शिडी न लावता लेकरू उतरंल कसं?"

अनुसयाबाईंनी त्यांना हाताला धरून जेवायला नेलं. मी लातूरची गाडी पकडली, आणि घरी गेल्यावर आधी शिडी करायला बसले.